वजन लागेपर्यंत

मृणालचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये होते. "धनू कॅनॉलवर पडला," एवढंच ती म्हणाली. पाय घसरला असेल असं मला वाटलं, त्या काठावरचं गवत निसरडं असतंच. फ्रॅक्चर आहे का, असं मी विचारलंसुद्धा... तिचा नवरा, आमचा मित्र धनंजय, गेला होता. पन्नाशी जेमतेम ओलांडलेला माणूस, शॉपिंग सेंटरच्या मागच्या कालव्याकाठी, हातातली गळाची रॉड हातातच. त्याला आता काही आठवडे झाले. राग हळूहळू ओसरतो म्हणतात. माझा ओसरलेला नाही, आणि हे मी रागातच लिहिते आहे.

फ्लोरिडातल्या आमच्या उपनगरात जिथे तिथे कालवे आहेत. घरांच्या मागे, बँकेच्या मागे, हायवेच्या पुलाखाली. पावसाचं पाणी वाहून न्यायला खणलेले, कडेला 'मगरींपासून सावध' अशा पाट्या. पुण्यातल्या, स्वयंपाकघरात अंडंसुद्धा न शिरलेल्या घरातला हा माणूस त्या पाण्यात ब्रीम पकडायचा. ब्रीम म्हणजे तळहाताएवढा, चपटा, पोटाशी तांबूस मासा. पकडायचा, ओल्या हातानं गळ सोडवायचा आणि परत पाण्यात सोडून द्यायचा. मी मालवणची. खायचा नाही तर त्या बिचाऱ्याला छळतोस कशाला, म्हणून मी त्याला पहिल्या दिवसापासून चिडवत आले. "तुम्हा मालवणवाल्यांना मासा दिसला की कढईच दिसते," तो म्हणायचा. ऑफिस सुटल्यावर मीही कधी कधी त्याच्याबरोबर जायचे. बोलायला म्हणून जायचे आणि गप्प बसून यायचे, कारण तिथे तो बोलू द्यायचा नाही.

त्याची आवडती गोष्ट म्हणजे पॉपर. बोराएवढं पिवळं, तरंगणारं खोटं आमिष, तोंडाशी खोलगट. ते काठाजवळच्या सावलीत अलगद टाकायचं. पडल्यावर पाण्यात वर्तुळं उठतात, ती पूर्ण विरेपर्यंत हलायचं नाही. मग दोरा किंचित खेचायचा, 'बुळुक' असा आवाज होतो, आणि पुन्हा थांबायचं. मासा वर येऊन पॉपरवर तोंड मारतो तेव्हा पाणी खळ्कन उडतं आणि आपला हात आपोआप मागे जातो. तिथेच सगळे फसतात. माझा पॉपर दर वेळी रिकामा उडून यायचा, एकदा तर त्याच्याच टोपीत अडकला. "पाणी उडालं म्हणून ओढायचं नाही, वैशाली. हाताला वजन लागू दे, मग ओढ." हे त्यानं मला इतक्यांदा सांगितलं की शेवटी मी त्याला 'वजनदार गुरुजी' म्हणायला लागले.

आमची शेवटची भेटही त्याच काठावरची. त्या संध्याकाळी तो सारखा डावा खांदा दाबत होता. चेहरा घामानं डबडबलेला, पण फ्लोरिडात कुणाचा नसतो? विचारलं तर म्हणाला, रॉड फिरवून खांदा धरलाय. ती रॉड माझ्या लाटण्याहून हलकी आहे. आणि तो गळ टाकायचा उजव्या हातानं! हे मी त्याला तोंडावर सांगितलं. तर हसला आणि म्हणाला, "डिसेंबरमध्ये पुण्याला जातोय ना, तेव्हा फुल बॉडी चेकअप करून टाकतो. इथे कोण अपॉइंटमेंटच्या मागे लागणार, यार."

हे वाक्य इथल्या प्रत्येक मराठी घरात ऐकू येतं. आमचे दात, चष्मे, गुडघे, साखर, सगळं डिसेंबरपर्यंत थांबतं. बदामाच्या पिशव्यांबरोबर दुखणीही बॅगेत भरून न्यायची आणि 'आपल्या' डॉक्टरपुढे ओतायची. तो डॉक्टर आपल्याला लहानपणापासून ओळखतो म्हणे. काखेत कळसा आणि गावाला वळसा! कालव्यापासून हॉस्पिटलची पाटी दिसते. विम्याचं कार्ड धनंजयच्या खिशात होतं, पडला तेव्हाही होतं. त्यातून आदल्या डिसेंबरची ट्रिप त्यानं परत येण्यासाठी व्हिसावर नवा शिक्का मिळेल की नाही या भीतीनं कॅन्सल केलेली. तिकडेच अडकलो तर नोकरीचं काय, घराचं काय... तिकिटाबरोबर चेकअपही कॅन्सल झालं आणि यात काही चुकतंय असं कुणालाच वाटलं नाही. मला धनंजयचा संताप येतो. माणसाला वर्षानुवर्षं असं दाराशी उभं करून ठेवणाऱ्या व्यवस्थेचाही येतो.

त्याच्या घरी आम्ही सगळे जमलो तेव्हा जो तो म्हणत होता, किती शांत माणूस, आवडीचं काम करता करता गेला, नशीबवान. मी दात आवळून बसले होते. कॉलेजातून आलेली त्याची मुलगी सई माझ्याशेजारी येऊन बसली आणि तिनं इंग्रजीत हळूच विचारलं, बाबावर कुणीच ओरडलं कसं नाही? तेवढ्यात पलीकडे कुलकर्णी काका कुणाला तरी सांगत होते, "जिना चढलं की छातीत भरून येतं हल्ली. जानेवारीत जातोच आहे, तिथे दाखवीन." मग मात्र मी उठले. धनंजयच्या फोटोसमोर, सगळ्यांदेखत, कुणाचा मुलाहिजा न ठेवता त्यांना बोलले. मृणालनं मला थांबवलं नाही. तिनं काकूंच्या हातात गाडीची किल्ली दिली आणि म्हणाली, "आत्ता घेऊन जा त्यांना." काका त्याच रात्री ॲडमिट झाले. आता बरे आहेत, आणि माझ्याशी बोलत नाहीत. नाही बोलत तर नाही.

तो पिवळा पॉपर मृणालनं मला दिला. परवा तो घेऊन मी कालव्यावर गेले. धनंजयच्या नेहमीच्या सावलीच्या जागी टाकला. वर्तुळं विरू दिली, दोरा किंचित खेचला, थांबले. 'वजन लागू दे' असं कानात ऐकू आलं आणि अंगाचा तिळपापड झाला. एवढुशा माशासाठी लागेल तेवढं थांबणारा माणूस, हृदयाची कळ खांद्यात उतरली तरी तसाच थांबला होता. इतक्यात पाणी उडालं. मी मुद्दाम, जोर लावून, लगेच ओढलं. पॉपर रिकामा उडाला आणि माझ्या पायाशी येऊन पडला. मी तो उचलला, पुसला, आणि पुन्हा टाकला.