जुन्या इंजिनाचा आवाज

नेदरलँड्समध्ये, रायस्वाइकला शेजारच्या डच आजोबांनी लॉकडाऊनमध्ये जुन्या स्पोर्ट्स कारचं इंजिनासकट सगळं बदलायचं ठरवलं; नवं इंजिन आणून गॅरेजमध्ये चादरीखाली ठेवलं. आधी ब्रेक, मग गिअरबॉक्स, इंजिन शेवटी. रविवारी मात्र गाडी चालू हवीच.

मी घरातला पहिला इंजिनिअर, गप्प कसा बसणार? "एकदाच काय ते उरका की."

"घाई तुला आहे, इंजिनिअर."

एका रविवारी मी सायकलवर त्यांच्या मागोमाग गेलो. ते एका वृद्धाश्रमापाशी थांबले; आत भेटीला बंदी होती. त्यांनी खिडकीखाली गाडी उभी करून जागेवरच इंजिन रेस केलं. माणसं विसरत चाललेली त्यांची बायको तो आवाज ऐकून खिडकीत आली, हसली.

पुढे बाकी सगळं बदलून झालं. मी विचारलं, "आता इंजिन?"

"ती अजून खिडकीत येते," म्हणत त्यांनी नव्या इंजिनावर पुन्हा चादर ओढली.