लस न घेतलेला एक माणूस हवा होता

टॉमसने डावी बाही वर केली आणि जॅनेटचा हात थांबला. दंडावर छोटं गोल प्लास्टर होतं.

जॅनेट आमच्या संशोधनासाठी रक्त घेणारी नर्स. टॉमस माझ्या लॅबमधला पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचा संशोधक, आणि रक्त हवं होतं माझी पीएचडीची विद्यार्थिनी मेगन हिच्या बुरशीवरच्या प्रयोगासाठी. हे काय, असं जॅनेटने विचारलं. काल फ्लूची लस घेतली, तो म्हणाला... आणि पुढचं त्याचं त्यालाच कळलं.

नुकतीच लस घेतलेल्या माणसाचं रक्त या प्रयोगात चालत नाही. लसीने शरीरातल्या पेशी आधीच सावध झालेल्या असतात. मग त्या बुरशीमुळे जाग्या झाल्या की लसीमुळे, हे कसं ओळखणार?

हा नियम लॅबमध्ये सगळ्यांना पाठ आहे. तरीही आदल्या दुपारी अख्खी लॅब रांगेत उभी राहून लस घेऊन आली होती. मीच सगळ्यांना घेऊन गेले होते... येताना केकही खाल्ला.

वरच्या मजल्यावर विचारलं. तेही त्याच रांगेत होते. नेहमीच्या स्वयंसेवकांना फोन केले. एक अँटिबायोटिक्सवर, एक स्कॉटलंडमध्ये, बाकीच्यांचं लसीकरण झालेलं. प्रतिकारशक्तीच्या शास्त्रज्ञांनी भरलेली इमारत, आणि उपयोगाचा माणूस एकही नाही.

नवीन मित्रमंडळींसाठी थोडं सांगते. मी नॉटिंगहॅममध्ये बुरशीच्या संसर्गावर काम करते. बुरशीचे कण हवेत असतात, आपण ते रोज श्वासातून आत घेतो आणि आपल्याला काही होत नाही, कारण पांढऱ्या पेशी ते गिळून टाकतात. ज्यांची प्रतिकारशक्ती आजाराने किंवा औषधांनी खचलेली असते, त्यांच्या फुप्फुसात मात्र तीच बुरशी वाढू लागते. बुरशी आली, हा निरोप पेशीला कसा पोचतो आणि कुठे अडतो, हा माझा विषय.

पुण्यात शिकताना मला बॅक्टेरिया आवडायचे. इथे पहिली जागा बुरशीच्या लॅबमध्ये मिळाली, कारण तिकडे फारसं कुणी अर्ज करत नव्हतं... मग तिथेच राहिले.

मेगनच्या थीसिसमधला हा शेवटचा प्रयोग होता. बुरशी वाढवून तयार होती, मायक्रोस्कोप त्याच दिवशी मिळाला होता. पुढचं बुकिंग थेट तिची मुदत संपल्यानंतरचं. प्रयोग हुकला तर तो भाग गाळूनच थीसिस द्यावा लागणार होता, आणि त्याच भागासाठी ती चार वर्षं राबली होती.

मेगनने बर्फातल्या ट्यूब एका ओळीत लावल्या. त्या आधीच एका ओळीत होत्या.

मी बाहेर येऊन मकरंदला फोन केला. मकरंद माझा नवरा. ब्रिस्टलच्या एका कंपनीसाठी विमानाच्या पंखांची डिझाइन्स करतो, घरूनच. त्याने कधीच फ्लूची लस घेतलेली नाही. दरवर्षी मी चिडते, दरवर्षी तो बिझी असतो. खरं कारण सुई आहे, हे आम्हा दोघांनाही माहीत आहे.

मी सगळं सांगितलं.

"म्हणजे आता मी निरोगी नमुना?"

"नमुना तू आधीपासूनच आहेस."

"सुई केवढी असते गं?"

खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. लसीच्या सुईपेक्षा जाड असते, म्हटलं. त्याने फोन ठेवला... आणि पुढच्या ट्रामने आला.

घरच्यांचं रक्त घ्यायला आमच्याकडे मनाई नाही. पण जॅनेटने मला खोलीबाहेर काढलं. त्याला मनापासून नको असेल तर ते त्याने बायकोसमोर बोलावं लागू नये, म्हणून. तो नाही म्हणाला असता तर ती मला फक्त 'चालणार नाही' एवढंच सांगणार होती, कारण सांगणार नव्हती. मी कॉरिडॉरमध्ये उभी राहिले. मेगनही शेजारी येऊन उभी राहिली.

दार उघडलं. मकरंदचा चेहरा पांढरा पडला होता. जॅनेटच्या हातात भरलेल्या ट्यूब होत्या. मेगन त्या घेऊन जवळजवळ पळाली.

घरी सोडू का, मी विचारलं. नको, मला बघायचंय, तो म्हणाला. पेशी वेगळ्या करायला वेळ लागतो. तो कॅन्टीनमध्ये बसून राहिला.

मायक्रोस्कोपच्या अंधाऱ्या खोलीत आम्ही तिघं. पडद्यावर बुरशीचे गोल कण, आणि कडेला त्याच्या पेशी. आधी काहीच हललं नाही. मग एक पेशी लांबट झाली, सरकत कणापाशी आली आणि तो तिने पोटात घेतला. मग दुसरी. मग बऱ्याच.

"हिला कुणी सांगितलं?" मकरंदने हळूच विचारलं.

"तेच तर शोधतोय," मी म्हटलं.

आपण भाजी चिरतो, भांडतो, झोपतो, तेव्हाही हे चालूच असतं. मी वर्षानुवर्षं हे पडद्यावर बघते आहे. ज्याच्या त्या पेशी, तो माणूस कधी शेजारी उभा नव्हता... कोपराला कापूस दाबून.

आमच्यासाठी हात पुढे करणाऱ्या लोकांची नावं कुठल्याच शोधनिबंधात नसतात. नसायलाच हवीत. पण त्यांचे आभार मी आजवर फार घाईत मानले, असं वाटलं. (हे मकरंदला विचारूनच लिहिलंय.)

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अजून घरीच होते, तेव्हा मोजणी संपल्याचं मेगनने कळवलं. प्रयोग वापरण्याजोगा निघाला. मकरंद मीटिंगमध्ये होता, म्हणून मी दारातूनच 'झालं' अशी खूण केली. त्याने मान हलवली आणि स्क्रीनवरच्या पंखाकडे वळला.