ब्रेकची हवा

दुसऱ्याने आवळलेल्या नटावर ट्रकवाल्याचा काडीचा विश्वास नव्हता. म्हणून ट्रकचे पुढचे स्प्रिंगचे पाटे काढून जाड पाटे बसवायचे आणि ब्रेकही नवे करायचे, हा उद्योग त्याने घराच्या अंगणातच मांडला. गंजलेले बोल्ट रॉकेलमध्ये भिजवायला त्याने बायकोचं दुधाचं पातेलं उचललं, आणि त्या दिवसापासून तिने अबोला धरला. ताट वाढायची, पण तोंडातून चकार शब्द नाही.

पाटे त्याने एकट्यानेच चढवले. ब्रेकच्या पाइपातली हवा काढायला मात्र दोघं लागतात. एकाने वर बसून पेडल दाबायचं, दुसऱ्याने खाली चाकापाशी नट सैल करायचा. ती मुकाट्याने केबिनमध्ये चढली.

"दाब," तो खालून म्हणाला. तिने दाबलं. नट सैल होताच तेलाबरोबर बुडबुडे आले. नट आवळून तो म्हणाला, "सोड." तिने सोडलं.

असं बराच वेळ चाललं. हवा निघून पेडल केव्हाच दगडासारखं झालंय, हे तिच्या पायाला कळत होतं. बुडबुडे थांबलेत, हे खाली त्यालाही दिसत होतं.

"दाब," तो म्हणाला.

"दाबलं," ती म्हणाली.