सातव्या रांगेतला उजेड

दिवेवाल्या बाईंना रडू आलं नाही याचं सगळ्यांना फार कौतुक. भाऊ गेला त्या दिवशी आल्यागेल्याला पाणी त्यांनीच दिलं, फोन त्यांनीच घेतले आणि पाचव्या दिवशी तर त्या ऑफिसात जाऊन बसल्या. "बाई खंबीर आहे हो," असं लोक एकमेकांना सांगत राहिले. लोकांचं काय, न रडणारा माणूस सगळ्यांनाच सोयीचा असतो. खंबीरबिंबीर काही नव्हतं. फार वेळ मांडी घालून बसलं की पाय आपला राहत नाही, चिमटा काढला तरी कळत नाही, तसं बाईंचं आतून झालं होतं. आठ महिने झाले तरी ते तसंच होतं.

धंदा दोघा भावंडांचा. गोदामं, कारखान्यांच्या शेड, खेळाचे बंदिस्त हॉल, असल्या अवाढव्य जागांमध्ये दिवे कुठे, किती आणि कसले लावायचे ते ठरवून द्यायचं. दादा बाईंपेक्षा बारा वर्षांनी मोठा. त्याने सुरुवात केली तेव्हा छताला पाऱ्याचे दिवे असत. बटण दाबलं की पाच-सात मिनिटं आढेवेढे घेऊन मग पेटायचे. पुढे एलईडी आले आणि सगळं सोपं झालं असं गिऱ्हाइकांना वाटलं. दादाच्या मते उलट अवघड झालं. "पूर्वी दिवा एक तर लागायचा, नाहीतर जायचा. आता त्याला अक्कल आलीय. म्हणजे चुकासुद्धा शहाण्यासारख्या करणार," तो म्हणायचा. गिऱ्हाइकाने "किती वॉटचे घेऊ?" असं विचारलं की त्याच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. "वॉट काय विचारता? तिथे कोण बसणार, काय वाचणार, ते सांगा आधी!"

कामाची वाटणी साधी होती. नकाशा, हिशोब, कॉम्प्युटर हे बाईंचं. जागेवर जाणं दादाचं. दिवे लागले की दादा डबा घेऊन जायचा आणि मांडण्यांच्या मधल्या रांगेत चक्क जमिनीवर फतकल मारून जेवायचा. एका रांगेत भाजी, दुसऱ्या रांगेत भात. मालक लोक त्याला चक्रम समजायचे. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, त्या बाहेर गाडीत बसून राहायच्या. मग दादा विजार झटकत बाहेर यायचा आणि म्हणायचा, "तिसऱ्या रांगेत वाकलं की आपलीच सावली पडते. दोन दिवे हलव. उजेड बसून बघावा लागतो गं, उभ्याने सगळं छानच दिसतं." बाई कपाळाला आठ्या घालून आकडे बदलायच्या.

दादा गेल्यावर पाचव्या दिवशी बाईंनी जो आराखडा पाठवला तो यंत्रांच्या सुट्या भागांच्या एका मोठ्या गोदामाचा होता. मुदत त्याच दिवशीची होती. त्यांनी नकाशा समोर घेतला आणि दुपारपर्यंत काम संपवलं. अकरा मीटर उंच छत, चौदा रांगा, रांगांत पडेल असा अरुंद झोताचा दिवा. प्रत्येक रांगेच्या तोंडाशी छताला एक सेन्सर. रांगेत कोणी हलत असेल तर पूर्ण उजेड, दीड मिनिट कोणीच हललं नाही तर उजेड उतरवायचा. तोही एकदम नाही, एक-दीड मिनिट घेऊन हळूहळू. झटकन कमी झाला तर डोळ्यांना त्रास होतो. हे सगळं पुस्तकाप्रमाणे बरोबर होतं. दिवे लागल्यावर डबा घेऊन बसायला मात्र कोणी गेलं नाही. बाईंच्या ते लक्षात होतं. पण जायला हवं असं काही त्यांना वाटलं नाही. तेव्हा त्यांना काहीच वाटत नव्हतं.

गोदाम सुरू होऊन पाच महिने झाले आणि तिथल्या मॅनेजरचा फोन आला. "बाई, एक दाखला हवाय तुमचा. सातव्या रांगेत उजेड पुरेसा आहे, एवढंच. येऊन मोजून सही करा."

बाई गेल्या. मॅनेजर माणूस वाईट नव्हता, नुसता घाईत होता. सातव्या रांगेकडे चालता चालता त्याने सगळं सांगितलं. तिथे एक काकू कामाला आहेत, अकरा वर्षं झाली. बाकी रांगांमध्ये माल मोठा, तो गाड्यांवरून काढतात. सातवीत मात्र वॉशर, सील, बेअरिंग असला बारीक माल, खालच्या दोन फळ्यांवर. तो काकू स्टुलावर बसून हाताने काढतात. पूर्वी त्यांची एक चूक दाखवणाऱ्याला बक्षीस लावलं असतं तरी ते कोणाला मिळालं नसतं. गेले चार महिने मात्र रोज गोंधळ. तीनच्या जागी आठ, सहाच्या जागी शून्य. गिऱ्हाइकांचे फोन येतात.

"विचारलं तर म्हणतात, डोळ्यांपुढे हळूहळू अंधारी येते. दोनदा चष्मा बदलला. डॉक्टर म्हणतात काही नाही, त्या म्हणतात आहे. आता शनिवारपर्यंत त्यांना मोकळं करायचं असं वरून आलंय. उद्या कोणी म्हणायला नको की गोदामातच अंधार होता, म्हणून तुमचा दाखला."

बाईंनी मान हलवली. एका बाईची अकरा वर्षांची नोकरी आपल्या सहीवर जाणार आहे हे त्यांना नीट समजलं. समजलं, आणि आत कुठे पोचलं नाही. त्यांनी पिशवीतून उजेड मोजायचं यंत्र काढलं. रांगेच्या तोंडाशी मोजलं, मध्यात मोजलं, शेवटाला मोजलं. जमिनीवर मोजलं, फळीच्या उंचीवर मोजलं. मॅनेजर शेजारी चालत होता आणि आकडे लिहून घेत होता. एकही आकडा कमी नव्हता.

"झालं तर मग," मॅनेजर म्हणाला. "मी शिक्का घेऊन येतो. बसा तुम्ही." आणि तो चालता झाला.

रांगेत बसायला काकूंचं स्टूल तेवढं होतं, वीतभर उंचीचं. काकू जेवायला गेल्या होत्या. बाई त्या स्टुलावर बसल्या. दाखल्याचा कागद मांडीवर, पेन हातात. दुसरं कोणी असतं तर त्याने मोबाइल काढला असता, पाय हलवले असते, इकडेतिकडे बघितलं असतं. बाईंची गोष्ट वेगळी. घरीसुद्धा त्या संध्याकाळी खुर्चीत बसल्या की तासन् तास तशाच असायच्या, शेवटी वहिनी येऊन म्हणायची, "अहो वन्सं, दिवा तरी लावा." इथेही त्या तशाच बसल्या, कागदावर नजर लावून.

काही वेळाने कागदावरची अक्षरं फिकी झाली. शेवटच्या ओळीतला आकडा तीन आहे की आठ हे त्यांना कळेना. त्यांना आश्चर्य वाटलं नाही. चव गेली होती, झोप गेली होती, आता नजर चालली असेल, असं त्यांच्या मनात आलं. त्यात त्यांना काही वावगंही वाटलं नाही.

तेवढ्यात रांगेच्या तोंडाशी बुटांचा आवाज झाला. मॅनेजर शिक्का घेऊन आत शिरला, आणि कागद पांढराशुभ्र झाला. आकडा तीन होता.

बाई कागदाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी मॅनेजरला सांगितलं, "तुम्ही परत जा."

"अं?"

"बाहेर जा. पाच मिनिटं इकडे फिरकू नका. आणि जाताना पाय आपटत जा, गेलात ते मला कळू दे."

बाईंचं डोकं फिरलं असं मॅनेजरला वाटलं असणार, पण तो गेला. बाई न हलता बसल्या. यंत्र गुडघ्याजवळच्या फळीवर ठेवलं होतं. आकडा बराच वेळ जागचा हलला नाही. मग उतरायला लागला. एकशे ऐंशी, एकशे साठ, एकशे दहा. उतरताना डोळ्यांना काही कळत नव्हतं, इतकं ते सावकाश चाललं होतं. शेवटी तो एकतीसवर थांबला. अकरा मीटर उंचीवरच्या सेन्सरला गाडी दिसत होती, चालणारा माणूस दिसत होता. वीतभर स्टुलावर वाकून अक्षरं लावणारी बाई त्याच्या लेखी नव्हतीच. आणि तिच्या मदतीला कोणी चालत आलं की उजेड परत यायचा. डॉक्टरकडे गेलं की तिथे उजेड असायचाच. मग तिच्यावर विश्वास कोण ठेवणार?

हा उजेड सावकाश उतरवायचा असं बाईंनीच ठरवलं होतं. डोळ्यांना त्रास नको म्हणून.

मॅनेजर परत आला तेव्हा दाखल्यावर सही होती, पण वरचा मजकूर खोडलेला होता. त्याखाली बाईंनी हाताने लिहिलं होतं, की चूक आमच्या आराखड्यात आहे, दिवे लागल्यावर आम्ही बसून तपासणी केली नाही, आणि काम करणाऱ्या बाईंचा यात काही दोष नाही.

त्याने ते दोनदा वाचलं. "बाई, मी हे वर पाठवलं तर पुढची दोन गोदामं तुम्हाला मिळणार नाहीत. वहिनींचंही घर त्याच्यावर चालतं ना? नुसतं मोजून जा की. मी बघतो काकूंचं काहीतरी."

"काय बघता?"

मॅनेजरने कागदाची घडी घातली.

"पाठवा," बाई म्हणाल्या. त्यांना त्यात शौर्य वाटलं नाही, की भीतीही वाटली नाही. मोजलेला आकडा लिहायचा असतो, तसा त्यांनी लिहिला होता. मोबाइल काढून त्यांनी सातव्या रांगेचं सेटिंग बदललं. कामाच्या वेळात उजेड उतरवायचाच नाही. याला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

मग त्यांच्या मनात आलं की हे काकूंना दाखवायला हवं. नुसतं सांगून त्या कशाला विश्वास ठेवतील? त्यांनी सेटिंग पुन्हा जुनं केलं आणि काकूंना बोलावून घेतलं.

काकू पन्नाशीच्या, किरकोळ अंगाच्या. गळ्यात दोरीला दोन चष्मे. शिक्का घेतलेला मॅनेजर आणि अनोळखी बाई बघून त्यांनी ओळखलं, की आपलं आजच आटोपलं. "शनिवार म्हणाला होतात," एवढंच त्या म्हणाल्या.

"काकू, बसा तुमच्या जागेवर," बाई म्हणाल्या आणि स्वतः त्यांच्या शेजारी जमिनीवर बसल्या. "एक खोकं घ्या. हलू नका, नुसतं वाचत राहा. आणि तुम्ही हो, लांब जा." हे मॅनेजरला.

दोघी बसून राहिल्या. काकू हलक्या आवाजात खोक्यावरचा नंबर वाचत होत्या, परत परत. तिसऱ्या-चौथ्या वेळेला अडखळल्या. चष्मा बदलला, खोकं जवळ धरलं, लांब धरलं.

"झालं सुरू," त्या अपराध्यासारख्या म्हणाल्या. "माझं हे असंच होतं बघा."

"मलाही दिसत नाहीये," बाई म्हणाल्या.

काकूंनी मान वळवली.

"हात हलवा वर. जोरात." काकूंनी हात हलवला आणि रांगेत लख्ख उजेड झाला. बाईंनी मोबाइलवर सेटिंग पुन्हा बदललं, मग त्यांना सगळं सांगितलं, सेन्सर, दीड मिनिट, सावकाश उतरणं, सगळं. सोप्या शब्दांत सांगितलं, आणि हे मी ठरवलेलं होतं हेही सांगितलं. नोकरी जाणार नाही, कागदावर तसं लिहून दिलंय, हे शेवटी सांगितलं.

काकूंना आनंद होईल अशी बाईंची अपेक्षा होती. त्या हसतील, निदान रागावतील तरी.

"म्हणजे डोळे चांगले आहेत माझे?"

"चांगले आहेत."

"आंधळी होणार नाहीये मी?"

"नाही हो."

काकूंनी खोकं मांडीवर ठेवलं. त्यावरच्या नंबरावरून एकदा बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "धाकटीचं लग्न उरकून टाकलं हो मी. गेल्या महिन्यात. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती. नको नको म्हणत होती, पाया पडली माझ्या. मी म्हटलं, माझी नजर आहे तोवर तुझं बघू दे मला. नंतर कोण बघणार? आंधळ्या आईला घेऊन कुठे बसशील?"

बाईंच्या हातातलं यंत्र चालूच होतं. एकशे ऐंशी.

"दिवे लावले तेव्हा तुम्ही येऊन बघितलं का नाही?" काकूंनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता. खरंच त्यांना जाणून घ्यायचं होतं.

भाऊ गेला होता, हे उत्तर बाईंकडे होतं. खरं होतं, आणि ते ऐकलं की समोरचा माणूस मऊ होतो हे आठ महिन्यांत त्यांनी पन्नासदा बघितलं होतं. काकूसुद्धा झाल्या असत्या. बाईंनी तोंड उघडलं, आणि काकूंसमोर ते उत्तर ठेवायची त्यांना लाज वाटली. इतकी लाज वाटली की कानशिलं तापली. आठ महिन्यांत पहिल्यांदाच त्यांना काहीतरी वाटत होतं, आणि ते असलं होतं.

"यायला हवं होतं," त्या म्हणाल्या.

काकूंनी मान डोलावली. गळ्यातला एक चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि खालच्या फळीवरचं पुढचं खोकं ओढलं. सकाळची यादी अजून अर्धी बाकी होती.

"जावई बरा आहे," त्या खोक्याकडे बघत म्हणाल्या. "पण ती माझा फोन घेत नाही."