झोपलो त्या रात्री मोटार कोणी लावली?

आधीच सांगतो, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. कृषी पदविका झालेला माणूस आहे मी. त्यामुळे कमेंटमध्ये उतारे-ताईत सुचवू नका, डोकं आधीच फिरलंय.

गाव चोपड्याजवळ, शेत केळीचं. शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. दोन वर्षांपूर्वी अशाच रात्रीच्या आठवड्यात आबांनी, म्हणजे वडिलांनी, पाण्याची मोटार लावायला मला हलवून उठवलं. मी ‘हो’ म्हणून कूस बदलली. ते एकटेच गेले. सकाळी मोटारीजवळ सापडले... अटॅक.

तेव्हापासून माझी झोप गेली. गोळ्या झाल्या, जायफळ-दूध झालं, ज्याला त्याला सल्ला द्यायचा होता. मग एकदा मुलीला शाळेत सोडताना गाडीवरच डुलकी लागली – दोघं रस्त्याकडेच्या चारीत. तिचा हात मोडला. तेव्हा कुठे जळगावला थेरपिस्ट मॅडमकडे गेलो.

त्यांनी गोळ्या दिल्या नाहीत, नियम दिले. उठायची वेळ रोज एकच, दुपारी आडवं व्हायचं नाही, झोप आली तरच पलंगावर जायचं. जाम वैतागलो. पण बोलता बोलता त्यांनी बरोबर पकडलं. म्हणाल्या, “तुम्हाला झोप येत नाही असं नाही. तुम्ही झोपायला घाबरता.”

सहाव्या आठवड्यात एकदाचा रात्रभर झोपलो. नेमका रात्रीच्या लाईटचा आठवडा, मोटार लावायची होती, पण जागच आली नाही. सकाळी चुलत्यांचा, नानांचा फोन – “बठ्ठं वावर वलं शे. मोटार कवय लायी तू?”

सगळं शेत ओलं, आणि मोटार मी लावलीच नव्हती. मोटारीला ऑटो नाही की लाईट आली की आपोआप सुरू व्हावी, स्टार्टरच्या पेटीची किल्ली माझ्या खिशात. बरं, मोटार कशीही सुरू झाली म्हणा... पण मधेच ठिबकचा वॉल हाताने फिरवून दुसरा प्लॉट कोणी भिजवला? नाना शपथ घेऊन नाही म्हणाले. झोपेत मीच गेलो म्हणावं, तर मी चक्क झोपलो म्हणून घाबरून बायको रात्रभर उशाशी बसलेली. वायरमनला विचारलं, तो हसला.

चिडून सगळं मॅडमना सांगितलं. वाटलं, काहीतरी शास्त्रीय सांगतील. म्हणाल्या, “याचं उत्तर माझ्याकडे नाही. पण त्या रात्री तुम्हाला कोणी उठवलं नाही, हे खरं ना?”

मी तिथेच रडलो.

आता झोप येते. मुलगी पुन्हा माझ्यामागे गाडीवर बसते. मोटार कोणी लावली ते आजही माहीत नाही. पण सकाळी डोळे उघडले की राग येतोच... आबा, एकदा हलवून बघायचं होतं ना. या वेळी उठलो असतो मी.