'नक्की' म्हणालात, म्हणून भरलेला डबा

बेसिंगस्टोकच्या मराठी मंडळींनो, हे तुमच्यासाठीच लिहितेय.

काल ग्रुपवर मी विचारलं, "उद्या संक्रांत आहे, सकाळी नदीकाठी वॉकला येणार का?" सगळ्यांनी लिहिलं, "नक्की!" मी हौसेने तिळाच्या वड्या केल्या.

रात्री बर्फ पडला. सकाळी कार पार्कमध्ये मी एकटीच. फोनवर एकामागून एक 'सॉरी गं' यायला लागले. मला राग आला आणि त्या रागातच डबा पिशवीत टाकून निघाले. वाट पांढरीशुभ्र, नदी तेवढी काळी. मागे वळून पाहिलं तर फक्त माझ्याच बुटांचे ठसे.

पुलाजवळ एक इंग्लिश आजोबा कुत्र्याला फिरवत होते. "कोणाची वाट बघताय का?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं आणि डबा पुढे केला. म्हटलं, आमच्याकडे आज हे हातावर ठेवून गोड बोलायला सांगतात.

त्यांनी वडी चावत नदीकडे पाहिलं. "गोड बोलायचं राहू दे," ते म्हणाले, "माझ्या घरी आता भांडायलासुद्धा कोणी नाही."

'माझ्याही' असं मी म्हणणार होते, तेवढ्यात कुत्रा त्यांना पुढे ओढत घेऊन गेला.

आता घरी आलेय. ओले सॉक्स रेडिएटरवर आहेत, डबा टेबलावर. तिळगूळ स्वतःच स्वतःच्या हातावर कसा ठेवायचा?

संध्याकाळी मी घरीच आहे. कृपा करून खाली 'नक्की' लिहू नका. बेल वाजवा.