मेस्त्रीचे गाऱ्हाणे

उम्म अल कुवैनच्या धक्क्यावर स्पीडबोटींचा वेग वाढवून देणारा एक मालवणी मेस्त्री माझ्या परिचयाचा आहे. इंजिन इंचभर वर उचलून, पंखा बदलून झाला की तो नारळ घेऊन समुद्राला गाऱ्हाणे घालतो. मी धक्क्यावर गेलो त्या दिवशी बोट पूर्वीपेक्षा वेगाने धावली नाही, तर अरब मालक ती दुसऱ्या गॅरेजला देणार होता.

"बा देवा म्हाराजा, ह्या बोटीक वाऱ्यावांगडा पळव, आणि मालकाचा त्वांड बंद कर रे म्हाराजा."

अर्जात मागणी एकच असावी, असे मी व्यावसायिक अर्जलेखक या नात्याने त्यास बजावले.

"भाऊनू, तुमी नुसता 'व्हय म्हाराजा' म्हणा."

मी म्हटले. बोट सुसाट गेली आणि मालक अवाक् होऊन परतला. दोन मागण्यांचा अर्ज इतक्या तातडीने मंजूर झालेला माझ्या पाहण्यात नाही.